रश्श्याला लेबल नसतं

आईचे दात गेले आणि आमच्या घरातल्या मटणाचा सगळा भार रश्श्यावर आला. सुक्कं तिला चावत नाही, खिमा तिला खाल्ल्यासारखा वाटत नाही आणि कवळी ती फक्त लग्नाकार्याला लावते. त्यामुळे बुधवार-रविवारी तिचं जेवण म्हणजे पांढऱ्याच्या दोन वाट्या, तांबड्याच्या दोन वाट्या आणि त्यात कुस्करलेली भाकरी. कोल्हापुरात याला कुणी पथ्य म्हणणार नाही. पण तिचं बीपी चढलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मीठ किती खाता?" आईनं बिनदिक्कत सांगितलं, "वरनं घेत नाही हो मी."

वरनं घेत नाही, हे खरंच आहे. आतनं किती जातं, याचा हिशोब आमच्या घरात कुणी कधी मांडलाच नव्हता.

त्याच सुमारास धाकटी बहीण न्यू जर्सीहून आली. बॅगेत चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि सुपाचे डबे. टोमॅटोचे, मश्रूमचे, एक मसुरीचा. "कमी मिठाचे आहेत, आईला चालतील," म्हणाली. आईनं एक डबा हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाली, "पाणीच आणलंस की गं एवढ्या लांबनं!"

आम्ही हसलो. पण आईची ही तक्रार सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण रसायनशास्त्रज्ञाच्याही डोक्यात आली होती आणि तिच्यावर त्यानं धंदा उभा केला. जॉन डॉरन्स त्याचं नाव. बोस्टनच्या एमआयटीत शिकलेला, जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन आलेला. त्याचे काका कॅमडेनमधल्या एका डबाबंद मालाच्या कंपनीचे प्रमुख होते. कॅमडेन म्हणजे फिलाडेल्फियासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. बहिणीच्या घरापासून गाडीनं तासा-सव्वा तासावर. १८६९ मध्ये जोसेफ कॅम्पबेल नावाच्या फळांच्या व्यापाऱ्यानं एका भागीदाराबरोबर सुरू केलेली ही कंपनी. काकांनी पुतण्याला नोकरी दिली, पण आठवड्याला साडेसात डॉलरवर. आपल्याकडंही भाऊबंदकीतला पगार असाच असतो.

डॉरन्सनं बघितलं की सुपाच्या डब्यात बहुतेक पाणीच असतं, त्या पाण्यासाठी मोठा पत्रा लागतो, मोठं खोकं लागतं आणि रेल्वेचं भाडंही पाण्याचंच भरावं लागतं. १८९७ मध्ये त्यानं घट्ट सूप तयार केलं. पाणी गिऱ्हाइकानं घरी घालायचं. तीस सेंटच्या वर विकला जाणारा माल दहा सेंटला मिळू लागला. सुरुवातीला पाचच प्रकार होते: टोमॅटो, कॉन्सोमे म्हणजे गाळून नितळ केलेलं मांसाचं पाणी, भाज्यांचं, चिकनचं आणि बैलाच्या शेपटीचं. पुढं ते एकवीस झाले. त्या एकवीस प्रकारांची जुनी यादी वाचताना मी दोन नावांपाशी थांबले. एक मलिगाटॉनी, मद्रासकडच्या रस्समला साहेबांच्या स्वयंपाक्यांनी दिलेलं रूप. आणि दुसरं चक्क मटण ब्रॉथ. म्हणजे मटणाचं अळणी (मटण शिजवलेल्या पाण्याला आम्ही अळणी म्हणतो) अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा सेंटला डब्यात मिळत होतं! त्याच यादीत 'मॉक टर्टल' नावाचं सूपही आहे. कासव महाग, म्हणून वासराच्या डोक्याचं मांस घालून केलेलं खोटं कासवाचं सूप. आपल्याकडं फणसाची भाजी मटणासारखी करतात, तशातलाच प्रकार.

लाल-पांढरं लेबल १८९८ मध्ये आलं. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं याच डब्यांची बत्तीस चित्रं लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत मांडली, कारण तेव्हा बत्तीस प्रकारची सुपं बाजारात होती. चित्रकलेतलं मला फार कळत नाही. पण दुकानाच्या फळीवर मांडावेत तसे ओळीनं मांडलेले ते डबे पाहिले की त्या माणसाला नेमकं काय दिसलं असेल, याचा थोडा अंदाज येतो. सगळे सारखे, फक्त नाव वेगळं. रश्श्याच्या बाबतीत हे कधीच होणार नाही. शेजारच्या वैनींचा आणि माझा पांढरा एकाच दुकानातल्या मटणाचा असूनही एका चवीचा होत नाही.

खरं आश्चर्य मात्र डॉरन्सच्या फार आधीचं आहे. शिजवलेलं अन्न महिनोन्‌महिने टिकतं कसं? बोटीवर न्यायला लोक आधी सूप आटवून त्याच्या डिंकासारख्या वड्या करत. कॅप्टन कुकच्या जहाजावर अशा वड्या होत्या. डब्याची गोष्ट निकोला अपेर या फ्रेंच हलवायापासून सुरू होते. मिठाई करणाऱ्या या माणसानं काचेच्या बाटल्यांत सूप, भाज्या, दूध भरलं, तोंड बुचानं घट्ट बंद केलं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० मध्ये फ्रान्सच्या सरकारनं त्याला १२ हजार फ्रँक दिले. अट एकच, कृती छापून सगळ्यांसाठी खुली करायची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि ब्रायन डॉंकिन या इंजिनिअरच्या कारखान्यातून १८१३ पासून इंग्रजी आरमाराला डबे जाऊ लागले. गंमत अशी की हे का टिकतं ते यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हवा बाहेर काढली म्हणून टिकतं, अशी समजूत होती. जंतूंचं कारण पाश्चरनं सांगेपर्यंत पन्नास वर्षं जायची होती. तोवर हा सगळा उद्योग अनुभवावर चालला. आमच्या आजीची लोणची अशाच न्यायानं टिकायची.

पण अनुभव कधी कधी दगा देतो. १८५०च्या आसपास स्टीफन गोल्डनर नावाचा एक कंत्राटदार ब्रिटिश आरमाराला मोठाले, स्वस्त डबे पुरवत होता. १८५२ मध्ये पोर्ट्समथजवळ ते उघडून तपासले तेव्हा बहुतेकांत कुजलेला चिखल निघाला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी नुसता गहजब केला. एक कारण नंतर सांगितलं गेलं ते साधं होतं. डबा जितका मोठा, तितकी उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला वेळ जास्त. बाहेरचं शिजतं, आतलं कच्चं राहतं. मोठ्या पातेल्यात घाईनं मटण शिजवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

यातली सगळ्यात धोकादायक गोष्ट नाकाला कळतही नाही. मातीत राहणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकून राहतात आणि हवा नसलेल्या बंद डब्यात अंकुरतात. त्यांना मारायला सुमारे १२१ अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे वाफेचा दाब हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात आपण तेवढ्यापर्यंतच पोहोचतो. टोमॅटो आंबट असल्यानं त्यात हे बीजाणू वाढत नाहीत, त्याला कमी उष्णता पुरते. मटण, चिकन, कणीस, मश्रूम यांना मात्र पूर्ण १२१ अंश हवेत. आणि इथंच मला आमच्या ओट्यावरचा कुकर नव्यानं दिसला. शिट्टीखालचा दाब धरला तर कुकरमध्येही तापमान जवळजवळ १२० अंशांवर जातं. कारखान्यातली भट्टी आणि आमचा कुकर एकाच तापमानाचे. फरक एवढाच की आम्ही झाकण उघडतो आणि ते डबा आधी बंद करून मग शिजवतात.

हे मी आमच्या शेजारच्या मिस्त्रीकाकांना सांगितलं. काकांचं आयुष्य उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलं. सुपात त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांनी रिकामा डबा घेतला, काठावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुमड बघा पत्र्याची. दोन्ही पत्रे एकमेकांत अडकवून दाबलेत. डाख कुठंच नाही." जुने डबे डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, जोडत आणि त्या डाखेत शिसं असे. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवाकडं गेलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेतली १२९ माणसं परत आली नाहीत, तेव्हा गोल्डनरच्याच डब्यांतल्या शिशावर पुष्कळ दिवस संशय होता; अलीकडच्या अभ्यासांनी तो बराच पातळ केला आहे. झाकणाला आणि तळाला डाखेऐवजी दुहेरी दुमड असलेला डबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला; बाजूच्या सांध्यातली डाख मात्र त्यानंतरही बरीच वर्षं राहिली. काका तो डबा घेऊनच गेले. आता त्यात त्यांचे स्क्रू असतात.

आता मिठाचं. डबा म्हटला की आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, "त्यात टिकवायला काय काय घातलेलं असतं!" सुपाच्या डब्याला टिकण्यासाठी काही घालावं लागत नाही. उष्णता आणि बंद झाकण एवढं पुरतं. लोणचं मिठावर टिकतं, सूप नाही. मग त्यात इतकं मीठ का? उत्तर निव्वळ चवीचं आहे. १२१ अंशांवर ठेवलेल्या भाजीचा, कोथिंबिरीचा, मिरीचा वास उडून जातो. जिभेला काहीतरी लागलं पाहिजे म्हणून मीठ, टोमॅटोच्या सुपात साखर आणि कित्येकांत चवीचा सखोलपणा आणायला यीस्टचा अर्क.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यात सोडियम असतं २००० मिलिग्रॅम. लेबलवर सोडियमच लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. नेहमीच्या घट्ट चिकन नूडल सुपाच्या एका वाढपात ८००-९०० मिलिग्रॅम सोडियम असायचं आणि एका डब्यात वाढपं धरलेली असतात अडीच. एकट्या माणसानं डबा संपवला तर दिवसाचा कोटा तिथंच उडाला. छापील 'एक वाढप' आणि माणसाची भूक यांची गाठ कुठल्याच देशात पडत नाही.

कंपन्यांनी मीठ कमी करून बघितलं नाही असं नाही. कॅम्पबेलनं काही सुपांतलं सोडियम ४८० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणलं होतं. लोकांनी ती सुपं घेणं कमी केलं आणि २०११ मध्ये कंपनीनं ते पुन्हा ६५० वर नेलं. हे वाचून मला राग आला नाही. आमच्या घरातही नेमकं हेच झालं होतं. बहिणीचा कमी मिठाचा मसूर गरम करून आईपुढं ठेवला, तिनं एक घोट घेतला आणि विचारलं, "चटणी कुठाय?"

तर चटणीवर येते. उन्हाळ्यात डंकावरनं कांडून आणलेल्या आमच्या कांदा-लसूण चटणीत मिरची, धणे, तीळ, खोबरं, लसूण यांच्याबरोबर मीठ असतं, आणि ते चिमूटभर नसतं. तांबड्या रश्श्यात ती चटणी पडते. रस्सा ज्या अळण्यावर होतो त्यात मटण शिजवतानाच मीठ घातलेलं असतं. उकळी आल्यावर चव बघून आणखी थोडं. म्हणजे मीठ तीनदा पडतं आणि घालणाऱ्याला वाटतं, आपण एकदाच घातलं. समजा सगळं धरून रश्श्यात एक टक्का मीठ आहे. जिभेला बरं लागणाऱ्या कुठल्याही पातळ पदार्थात साधारण तेवढं असतंच. दीडशे मिलीच्या वाटीत झालं दीड ग्रॅम. आईच्या चार वाट्यांचे ६ ग्रॅम. 'वरनं' न घेता.

हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा डब्याबद्दलची माझी सगळी नाकं मुरडून झाली होती आणि ती परत सरळ करावी लागली. डबा निदान सांगतो तरी. हॉटेलात ताटाबरोबर रस्सा हवा तितका मिळतो, वाढपी वाटी रिकामी दिसली की पळी घेऊन हजर, आणि आपण त्याला आदरातिथ्य म्हणतो. ते आहेच. पण त्या पळीवर कुणी आकडा छापलेला नाही. आपल्या खाण्याचा अभिमान आपल्याला इतका आहे की त्याची झाडाझडती घ्यायची म्हटलं की गावाचा अपमान झाल्यासारखं वाटतं. बाहेरच्या डब्याची झडती मात्र आपण आनंदानं घेतो.

डब्यातल्या सुपाचं बाकीचं पोषण सांगायला फार वेळ लागत नाही. टोमॅटोत लायकोपीन हे लाल रंगाचं द्रव्य असतं आणि शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला जास्त चांगलं मिळतं. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेत बरंच जातं. चिकन नूडलच्या वाटीत प्रथिनं नावापुरती. क्रीमच्या सुपात स्निग्ध पदार्थ जास्त. डाळीची, वाटाण्याची, राजम्याची सुपं त्यातल्या त्यात पोटाला आधार देणारी, कारण त्यांत तंतुमयता आणि प्रथिनं दोन्ही असतात. आपलं हुलग्याचं माडगं याच घरातलं. कमी सोडियमच्या काही डब्यांत साध्या मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. फुगलेला किंवा दुमडीवर चेपलेला डबा चाखूनसुद्धा बघायचा नाही, सरळ टाकायचा. आईला हे पटवणं कठीण गेलं, कारण तिच्या मते टाकणं हाच मोठा रोग.

भारतात डब्यातलं सूप रुजलं नाही. कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांत अननसाच्या चकत्या, मश्रूम, स्वीट कॉर्न, आमरस, रसगुल्ले डब्यात दिसतात. सूप पाकिटात असतं. पाकिटाचं घराणं वेगळं, युरोपातलं. स्वित्झर्लंडमध्ये जुलियस मॅगीनं १८८०च्या दशकात गिरणी कामगार बायकांसाठी डाळींच्या पिठाची झटपट सुपं काढली. स्वयंपाकाला वेळ नाही आणि खिशात पैसे नाहीत, अशा घरांसाठी. क्नोरचं मूळ जर्मनीतल्या हाइलब्रोनमध्ये. डॉरन्सनं अर्धं पाणी काढलं, यांनी सगळंच काढलं. पाकिटाच्या मागचा सोडियमचा आकडाही एकदा वाचावा, मग डब्याला वेगळी शिवी द्यायचं कारण उरत नाही.

मला मात्र एक प्रश्न सुटत नव्हता. पांढरा रस्सा डब्यात भरता येईल का? मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, वाटलेली खसखस, तीळ, काजू, अख्खी मिरी, लवंग, दालचिनी, वेलची. नारळाचं दूध घातल्यावर आपण आच मंद करतो, कारण खळखळून उकळलं की रस्सा फुटतो. १२१ अंशांवर तो फुटणारच. थायलंडमधून नारळाचं दूध डब्यात येतं खरं, पण ते दाबाखाली एकजीव केलेलं आणि डिंकासारखे पदार्थ घालून सांधलेलं असतं. शिवाय इतक्या उष्णतेत प्रथिनं आणि साखर यांची गाठ पडून रंग बदामी होतो. म्हणजे पांढरा पांढराच राहणार नाही. तांबडा तगेल, मिरचीचा तिखटपणा उष्णतेला सहज पुरून उरतो, फक्त वरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, थंड झाल्यावर चरबीसकट गोठून झाकणाला चिकटेल. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेनं जवानांसाठी तयार जेवणाच्या चपट्या पिशव्या विकसित केल्या आहेत. पिशवी पातळ, त्यामुळं उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते आणि अन्न कमी जळतं. गोल्डनरच्या मोठ्या डब्याचं हे नेमकं उलटं उत्तर.

माझ्या मते भरायचंच असेल तर नुसतं अळणी भरावं, मिठाशिवाय. टिकायला मीठ लागतच नाही. नारळाचं दूध, वाटण, चटणी ज्यानं त्यानं घरी घालावी आणि मीठ वाटीत, ज्याच्या त्याच्या बीपीप्रमाणं. एकवीस प्रकारांच्या त्या यादीतला मटण ब्रॉथ म्हणजे जवळपास हेच.

"कोपऱ्यावर सकाळी ताजं मटण लटकलेलं असताना तुमचा डबा घेणार कोण?" मिस्त्रीकाकांनी विचारलं. रास्त प्रश्न. पण ऑगस्ट २०१९ काकांनीही बघितलाय. पंचगंगा वस्तीत घुसली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, भाजी-दुधाची गाडी येईना, आणि नदीकाठचे उपसा पंप पाण्याखाली गेल्यानं पुराच्या ऐन मध्यावर शहराला प्यायचं पाणी मिळेना. अशा आठवड्यात डॉरन्सची युक्ती उपयोगाची नाही. आटवलेल्या सुपात घालायला पाणीच नसतं, गॅस संपलेला असतो. तेव्हा पाण्यासकट भरलेला, थंडाच पिता येईल असा डबा हवा. डब्यातलं सगळं आधीच शिजलेलं असल्यानं ते चालतंही.

"आणि झाकणाला ओढायची कडी पाहिजे," काका म्हणाले. "डबा फोडायची चावी आपल्या गल्लीत कुणाकडं आहे?" खरं आहे. डबा निघाल्यावर तो उघडायचं नीट साधन यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली; तोवर आरमारातले लोक छिन्नी-हातोड्यानं डबे फोडत. काकांकडं छिन्नी आहे म्हणा. पण पुरात काकांचंही वर्कशॉप पाण्यात असतं.